न दुखणारे दुखणे

आजाराला आपण ‘दुखणे’ म्हणतो. आपले सारे घरगुती वैद्यक या एका शब्दात सामावले आहे. जे दुखत नाही ते दुखणेच नव्हे. मग दवाखाना कशाला? माझ्या वडिलांनी, अण्णांनी, रक्तदाबाच्या गोळ्या याच न्यायाने सोडल्या. एका सकाळी त्यांना डाव्या डोळ्याने सारे धुरकट दिसू लागले. तरी म्हणाले, “दुखत न्हाई, खुपत न्हाई. कशापायी जायचं?” मोसंबीच्या मृग बहाराची धांदल होती. काही महिन्यांनी त्याच डोळ्यापुढे काळी जाळी तरंगू लागली, आणि मग एका बाजूने अंधार चढत आला. आपल्याकडे त्याला ‘पडदा सरकला’ म्हणतात.

जालन्याच्या श्री गणपती नेत्रालयात डॉक्टरांनी जे सांगितले, ते मी अण्णांना शेताच्या भाषेत सांगितले. पडद्यातले रक्त परत नेणारी नीला म्हणजे निचऱ्याची चारी. रक्तदाबाने कडक झालेली रोहिणी तिला दाबते. चारी बुजते, रक्त तुंबते. पाणी तुंबलेल्या वाफ्यात मोसंबीची मुळे हवेवाचून गुदमरतात, पाण्यात उभे राहून झाड सुकते. तसा पडदा रक्तात भिजूनही प्राणवायूला मुकतो. मग तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटतात. त्या कच्च्या असतात, त्यांतून रक्त सांडते. त्यांच्यासोबत वाढलेले तंतू आवळत जातात आणि पडद्याला जागेवरून ओढून काढतात.

“एवढं झालं अन् मला कळलं न्हाई?” अण्णांनी विचारले.

कळणार कसे? डोळ्याच्या पडद्याला वेदनेची जाणीवच नाही. १९४५ चे सूर्यग्रहण पाहताना एका रुग्णाचा पडदा भाजला. त्याला तपासताना जर्मन डॉक्टर मायर-श्विकेराथ यांना प्रकाशानेच पडद्यावर उपचार करण्याची कल्पना सुचली. पडदा असा भाजतो, तेव्हाही दुखत नाही. आज लेसरने त्या कच्च्या वाहिन्यांना आवर घालता येतो, सूज उतरवणारी इंजेक्शने आहेत. पण त्यासाठी वेळेवर जावे लागते.

शस्त्रक्रियेने अण्णांचा पडदा जागेवर बसला. नजर मात्र समोरच्याची बोटे मोजण्यापुरतीच परतली. आता उजव्या डोळ्यासाठी ते रोज गोळी घेतात.

मित्रहो, सुट्टीत घरी जाल तेव्हा आई-वडिलांना एकेक डोळा झाकून भिंतीवरचे कॅलेंडर वाचायला सांगा. ‘दुखतंय का?’ हे आपण नेहमीच विचारतो. एकदा ‘दिसतंय का?’ असेही विचारू या.