डीजेवाल्याचे तीन भाव

बडोद्यातल्या आपल्या घरांत गणपती गेले की पितृपंधरवडा संपायच्या आतच चणिया-चोळ्या कपाटातून बाहेर येतात. माझी मुलगी तिसरीत आहे. घरी मराठी बोलते, पण दोन टाळी आणि तीन टाळी तिला आरतीच्या आधी आल्या. त्यामुळे यंदा शाळेच्या गरब्यासाठी पालक समितीत नाव द्यायला नाही म्हणता आलं नाही. "तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये ना? मग डीजेचं तुम्हीच बघा," मॅडम म्हणाल्या. सॉफ्टवेअरवाल्याला प्रिंटर, टीव्ही, डीजे सगळंच कळतं असा एक समज आहे.

तीन ठिकाणी विचारलं. भाव आले ११ हजार, २२ हजार आणि ४४ हजार, जणू कोणी पाढाच म्हणत होतं. मुलं २२०, म्हणजे एकामागे ५०, १०० किंवा २०० रुपये. मंडप आणि नाश्त्याचे १०० त्यावर वेगळे.

बैठकीत एक पालक म्हणाले, "वर्षातून एकदाच तर आहे, दोनशेनं काय होतंय?" मला गेलं वर्ष आठवलं. तेव्हा वर्गणी ३०० होती आणि मुलीच्या बाकावरची मैत्रीण आलीच नाही. ताप आला, असं कळलं होतं. घरी येताना मुलगी म्हणाली, "बाबा, तिला ताप नव्हता. तिची मम्मी म्हणाली, पुढच्या वर्षी जाऊ." तिघं भावंडं त्याच शाळेत आहेत. तीनशेचे नऊशे होतात. मी कोणाचं नाव न घेता एवढंच म्हणालो, की एका घरात दोन-तीन मुलं असतील तर हिशेब बदलतो.

मग ११ हजारवाला का नको? त्याचा एका सोसायटीतला कार्यक्रम ऐकायला गेलो. मैदानाच्या एकाच बाजूला दोन भल्यामोठ्या थप्प्या रचलेल्या. गरब्याचं वर्तुळ फिरत राहतं, त्यामुळे प्रत्येक मूल दर फेरीला त्या थप्पीसमोरून जात होतं आणि लहानगी तेवढ्यापुरते कान झाकत होती. मोबाईलचं ॲप म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हे, पण तिथे ते ९७ डेसिबल दाखवत होतं. कारखान्यातल्या कामगारासाठी वापरला जाणारा एक सर्वमान्य ठोकताळा असा, की ८५ डेसिबलला आठ तास आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. ९७ ला अर्धा तासच उरतो. आमचा कार्यक्रम तीन तासांचा आणि कान सात-आठ वर्षांचे. त्याला हे सांगितलं तर तो अभिमानानं म्हणाला, "साहेब, दहा हजार वॅट आहेत!" वॅटचा तो आकडा पीएमपीओचा, म्हणजे निव्वळ जाहिरातीचा. शिवाय त्यानं पहिल्याच गाण्याला लय अशी चढवली की छोट्यांचं वर्तुळ दहा मिनिटांत विस्कटलं.

४४ हजारवाल्याकडे एलईडीची भिंत होती, धूर होता, फिरते दिवे होते. आवाजाचं सामान मात्र २२ हजारवाल्यापेक्षा फार वेगळं नव्हतं. जास्तीचे पैसे डोळ्यांसाठी होते.

२२ हजारवाल्यानं भाव सांगण्याआधी मलाच प्रश्न विचारले. मुलं कितवीतली? मैदान केवढं? शेजारी काय आहे? शाळेमागे प्रसूतिगृह आहे, हे तोवर समितीत कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्यानं चार कोपऱ्यांत चार छोटे बॉक्स, तोंडं आतल्या बाजूला, असं सुचवलं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. म्हणून एका टोकाकडून सगळ्यांपर्यंत पोचवायचं तर जवळच्यांचे कान फोडावे लागतात. बॉक्स चारही बाजूंना विभागले की प्रत्येकाचा आवाज कमी ठेवता येतो. पोलिसांच्या परवानगीचं आणि आठ वाजता बंद करण्याचंही त्यानंच आधी काढलं.

मग घासाघीस. मी "कमी करा" म्हटलं नाही, "काय काढता येईल?" विचारलं. दणदणाटाचा मोठा बॉक्स काढला, अर्धे लाइट काढले, चाराऐवजी तीन तास केले, दुसरा माइकही काढला. १६,५०० वर आला. म्हणजे मुलामागे ७५, नाश्ता-मंडप धरून १७५, एकूण ३८,५००. वर्गणी २०० ठेवली, पण घरामागे एकच. १९३ घरं होती. शंभर रुपये उरले, त्यांचे कापूर आणि नारळ आले.

चूक माझीही झाली. एकुलता माइक प्रिन्सिपल मॅडमच्या भाषणात बंद पडला आणि मागच्यांना काही ऐकू आलं नाही. तक्रार मात्र कोणाची आली नाही. ते दोनशेवाले पालक तेवढे धूर नव्हता म्हणून थोडे खट्टू होते.

मुलीची मैत्रीण दोन्ही भावंडांना घेऊन आली होती. आठ वाजेपर्यंत त्या दोघी पाणी मागायलाही माझ्याकडे फिरकल्या नाहीत.