रजेनंतरचे टेबल
बंगळूरच्या शिवाजीनगरातील एखाद्या कचेरीत मराठी स्त्री प्रसूतिरजेनंतर परतते, तेव्हा वेतन तेच असते; परंतु हिशेबाच्या वह्या दुसऱ्याकडे गेलेल्या असतात आणि तिच्या वाट्याला आवक-जावक नोंद येते. ही तिचीच सोय, असे सांगितले जाते. 1928 मध्ये मुंबई कायदेकौन्सिलात डॉ. आंबेडकरांनी प्रसूतिलाभ विधेयकास पाठिंबा दिला. 1929 मध्ये कायदा झाला. 1961 च्या केंद्रीय कायद्याच्या 12 व्या कलमाने अशा रजेपायी बडतर्फीच नव्हे, सेवाशर्तींतील अहितकारक बदलही बेकायदा ठरविला. 2017 मध्ये पहिल्या दोन अपत्यांपुरती रजा 12 वरून 26 आठवड्यांवर गेली. तथापि गेलेले टेबल ही सेवाशर्त होती, हे सिद्ध करणे तिच्याच माथी येते. म्हणून रजेच्या अर्जात तारखांबरोबर हाती असलेल्या कामाचीही लेखी नोंद असावी.