मागच्या चाकाचं बेअरिंग

चि. ओंकारास, मामाचे अनेक आशीर्वाद.

गाडीने वेग घेतला की मागून घूंऽ आवाज येतो आणि गॅरेजवाला अख्खा हब बदलायला सांगतो, असं तू फोनवर म्हणालास. आजोबांच्या मारुतीत नुसतं बेअरिंग बदलायचे, मग तिकडे हे काय, असं तुला वाटणं साहजिक आहे. ही गोष्ट तुझ्या क्लीव्हलँडपासून तासाभरावरच्या कँटन गावाशी जोडलेली आहे.

हेन्री टिमकेन सेंट लुईसला घोडागाड्या बांधायचा. मालाने लादलेल्या गाड्या सरळ रस्त्यावर नीट चालत. वळणावर चाकाला आडवा रेटा बसला की साधी बेअरिंग टिकत नसत. टिमकेन आणि त्याचा भाचा रेजिनाल्ड हाइन्झेलमन यांनी निमुळते रोलर तिरके बसवले. वजन आणि आडवा रेटा, दोन्ही एकाच बेअरिंगने पेललं. 1898 साली पेटंट मिळालं आणि 1901मध्ये कारखाना कँटनला हलला. तिथून डेट्रॉइटचे मोटारवालेही जवळ आणि पिट्सबर्गचं पोलादही.

पुढची चाकं ओढणाऱ्या कित्येक गाड्यांच्या मागच्या चाकांत अशी रोलर बेअरिंग असायची. मिस्त्री ती काढून रॉकेलमध्ये धुवायचा, तळहातावर ग्रीस घेऊन रोलरच्या फटीफटीत दाबायचा. मग चाक फिरवत नट आवळायचा, थोडा मागे सोडायचा, नुसत्या बोटांनी टेकवायचा आणि स्प्लिट पिन घालायचा. जास्त आवळलं तर बेअरिंग जळणार, सैल राहिलं तर चाक डुलणार. ते माप हातातच असावं लागे. 1983 साली आलेल्या मारुती 800च्या मागच्या ड्रममध्ये दोन बॉल बेअरिंग आणि मध्ये स्पेसर असायचा. पुलरने जुनी काढा, नवी बसवा, काम झालं.

तुझ्या गाडीत गोळ्यांच्या दोन रांगा, ग्रीस, सील, चाक बसवायची फ्लँज आणि एबीएसची चुंबकी रिंग असं सगळं एकाच बंद डब्यात आहे. आतला प्ले कारखान्यातच ठरवून येतो. ग्रीस भरायला जागाच नाही, त्यामुळे गॅरेजवाला तुला फसवत नाहीये. हा बदल चांगलाच झाला असं माझं स्पष्ट मत आहे, कारण धूळ आणि पाणी आत शिरायच्या वाटा कमी झाल्या.

फक्त आवाज बेअरिंगचाच आहे ना, हे आधी पाहा. उंचसखल झिजलेला टायरही अगदी असाच घुमतो. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर जातं. तेव्हा आवाज वाढला तर संशय उजव्यावर. मग पुढच्या चाकांना ओट लावून मागची बाजू जॅकवर घ्यायची. एका हाताने चाक फिरवायचं, दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवायचा. बेअरिंग गेलं असेल तर बारीक खरखर बोटांना कळते. चाक वर-खाली धरून हलवल्यावर खुट्ट झालं, तर गाडी बाहेर काढूच नकोस.

आपल्याकडे पावसात तुंबलेलं पाणी बेअरिंग खातं. तापलेला हब पाण्यात गेला की एकदम थंड होतो आणि सीलमधून पाणी आत ओढतो. तुमच्याकडे ते काम बर्फावर टाकलेलं मीठ करतं. गंजून गच्च बसलेला जुना हब हातोडीने काढला तरी चालेल, पण नवा ठोकून बसवू देऊ नकोस. घाव गोळ्यांमधून रेसवर जातो, तिथे बारीक खळगे पडतात आणि नवं बेअरिंगही लवकरच घुमू लागतं. बसायची जागा ब्रशने घासून स्वच्छ करायला सांग आणि नट-बोल्ट टॉर्क पान्यानेच, मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळून घे.

दुसऱ्या बाजूचं चांगलं असेल तर ते बदलायची गरज नाही. पहिला बर्फ पडायच्या आत एवढं काम उरकून टाक आणि गाडी शांत चालली की कळव.

तुझा,
मामा