तीन दिवसांचं माहेर आणि दोन मांजरं

शारजात राहण्याचा एक फायदा २०२२ सालापासून झालाय. १ जानेवारीपासून तिथे शुक्रवार-शनिवार-रविवार अशी तीन दिवस सुट्टी सुरू झाली आणि आमच्या शाळेनेही ती घेतली. बाकीच्या अमिरातीत शुक्रवारी अर्धा दिवस काम असतंच, त्यामुळे दुबईतल्या मैत्रिणी आमच्यावर जळतात. जळू देत! गुरुवारी रात्री विमानात बसायचं, तीन तासांत मुंबई. घड्याळ दीड तास पुढे केलं की झालं.

तर परवा अशीच उत्तनला जाऊन आले.

विमानतळावरून सगळे हायवेने दहिसर, भाईंदर असं जातात. मी मात्र मालाडवरून मार्वेला जाते आणि तरीतून मनोरीला उतरते. पाच-सात मिनिटांचा तर तो प्रवास, पण पहाटेचा तो खाडीचा वास नाकात गेल्याशिवाय मला आले असं वाटतच नाही. तरीत दुधाचे कॅन, मोटरसायकली, मासळीच्या रिकाम्या टोपल्या आणि चाकांची बॅग घेऊन उभी असलेली मी. पुढे गोराईवरून रिक्षा. रिक्षावाल्याने विचारलंच, "दुबईवरून काय?" शारजा म्हटलं तरी त्याच्या दृष्टीने ती दुबईच.

जानेवारी म्हणजे उत्तनला बोंबलांचे दिवस. ज्यांनी वलांडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. बांबू रोवून आडव्या दोऱ्या ताणायच्या आणि दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून जोडीने दोरीवर टांगायचे. ना चिमटा, ना गाठ. मीठही लावत नाहीत, नुसतं ऊन आणि वारा. लहानपणी मला वाटायचं की ते एकमेकांशी भांडताहेत. ह्या वलांड्यांखाली गावातली समस्त मांजरं ध्यान लावून बसलेली असतात. वाऱ्याने एखादा बोंबील सुटला की ज्याचं नशीब त्याचा. कावळ्यांशी त्यांची स्पर्धा, कुत्र्यांशी वैर, आणि बायकांच्या शिव्या वेगळ्या.

आमच्या दारात टायगर आहे. नाव टायगर, पण आता चौदा वर्षांचा, डोळ्यांत सारा आलाय, मागचा पाय ओढतो. तो पप्पांचा कुत्रा. पप्पा बंदरावर जायचे तेव्हा हा पुढे. मला पाहून शेपटी हलवली, पण उठला नाही. आय म्हणाली, "त्याला आता आवाजावरून कळतं, तू बोल काहीतरी." मी बोलले. मग मात्र सरपटत येऊन त्याने पावलावर डोकं ठेवलं.

शनिवारी संध्याकाळी चौकला गेले, एकटीच. पूर्वी टायगर बरोबर असायचा. धारावी किल्ल्याचे जे काय अवशेष उरलेत ते आणि चिमाजी अप्पांचा पुतळा तिथे आहे. पलीकडे खाडी आणि वसई. १७३९ साली मराठ्यांनी वसई घेतली त्या मोहिमेत हा टेकाडाचा तुकडा किती महत्त्वाचा होता ते तिथे उभं राहिलं की पटतं. खाडीत शिरणारं प्रत्येक तारू इथून दिसतं. पप्पा तिथूनच आमची होडी ओळखायचे, निशाणाच्या रंगावरून. होडी आता विकली.

रात्री जेवताना आयने विषय काढला. मला अंदाज होताच. शाळेचं पत्र आलंय, पुढच्या दोन वर्षांसाठी राहणार की नाही ते फेब्रुवारीअखेर कळवायचंय, हे मीच तिला फोनवर सांगितलं होतं. मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, काय बघणार? मी म्हटलं, पगार आहे, घराचं छप्पर अजून करायचंय, आणि मांजरांचं काय करू?

"काय गो, मांजरांसाठी पळत जातेस. मी काय मांजर नाय म्हणून?"

हसत म्हणाली. मीही हसले. पण मग बराच वेळ दोघीही बोललो नाही. टीव्ही चालू होता, तेवढं बरं.

मांजरांबद्दल थोडं सांगायला हवं. एप्रिल २०२० मध्ये पप्पा गेले. विमानं बंद होती. वंदे भारतची उड्डाणं मे महिन्यात सुरू झाली, आणि तोवर सगळं उरकलं होतं. मी मिसा आणि माती फोनच्या पडद्यावर पाहिली. त्याच आठवड्यात इमारतीखाली कचऱ्याच्या पेटीजवळ एक मरतुकडं पांढरं पिल्लू दिसलं. शारजात अशी मांजरं गाड्यांखाली शेकड्याने असतात. हे वर आणलं, त्याचं नाव बोंबील. वर्षभराने सुकट आली. आय त्यांना कधी भेटलेली नाही, पण व्हिडिओवर रोज त्यांची चौकशी करते, आणि बऱ्याचदा माझ्याआधी :)

रविवारी सकाळची मिसा, दुपारी भरलेलं पापलेट, आणि संध्याकाळी परत विमानतळ. बॅगेत आयने कोंबलेले सुके बोंबील, वर्तमानपत्राच्या तीन थरांत. टायगर रिक्षापर्यंत आला नाही. मी वाकून त्याच्या कानात बोलले आणि निघाले. चौदा वर्षांचा कुत्रा, पुढची सुट्टी ईस्टरला. हा हिशोब मी रिक्षात मुद्दाम केला नाही.

रात्री एक वाजता दार उघडलं. शेजारची केरळची टीचर खाणं-पाणी बघते, त्यामुळे वाट्या भरलेल्या होत्या. सुकट पायात घोटाळली. बोंबील मात्र सोफ्याच्या पाठीवर, भिंतीकडे तोंड करून. तीन दिवस गेलं की तीन तास रुसायचं हा त्याचा नियम. मग मी चपला काढल्या आणि साहेब उतरले. त्यांनी माझ्या चपलेचा, सलवारीच्या कडेचा, बॅगेच्या चाकांचा इंचन् इंच वास घेतला. टायगरचा वास, वलांडीखालची वाळू, आयची चूल. कितीतरी वेळ. मग पुडक्याजवळ गेला आणि जन्मात न ऐकलेल्या आवाजात ओरडला.

एक बोंबील भिजवून, काटा काढून दोघांना वाटून दिला. अर्ध्या मिनिटात फस्त.

झोप गेलीच होती, म्हणून नियम वाचत बसले. परदेशात दोन वर्षं राहून कायमचं परतणाऱ्या माणसाला सामानाबरोबर दोन प्राणी आणता येतात. क्वारंटाइन खात्याचा ना-हरकत दाखला, रेबीजची लस, तब्येतीचा दाखला, मायक्रोचिप. मुंबईला उतरवता येतात. दोन म्हणजे माझा कोटा बरोब्बर भरतो. पण नवव्या मजल्यावर वाढलेली ही दोघं, वलांडीखालच्या त्या गुंडांसमोर त्यांचं काय होईल? आणि टायगर? त्याला दिसत नाही, म्हणजे कदाचित चालेलही.

शाळेच्या पत्राला अजून उत्तर दिलेलं नाही. लशीची तारीख मात्र घेऊन ठेवलीय, पुढच्या गुरुवारची.

सकाळी सहाला आयचा फोन. पोचलीस का हे विचारलं नाही.

"खाल्ले का गो त्यांनी?"