बेथेलचा याजक

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. मिस्सा आटोपून आम्ही सॅक्रिस्टीत परतलो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ संकोचत आत आले. "फादर, जुन्या करारातील संदेष्ट्यांना पुढचे सारे दिसत असे. आमच्या मुलाचे परदेशी जाणे होईल की नाही, हे त्यांच्या ग्रंथांवरून सांगता येईल का?" आम्हांला हसू आले नाही. संदेष्टा म्हणजे भविष्य सांगणारा, ही समजूत काही त्यांच्या एकट्याची नव्हे. मराठी ख्रिस्ती लेखनात एके काळी 'भविष्यवादी' हा शब्द प्रचारात होता; त्यामुळे पंचांग आणि पत्रिका पाहणाऱ्यांच्या पंक्तीला यशया व यिर्मया यांना बसविणे आपल्याला सोपे गेले असावे.

मूळ हिब्रू शब्द आहे 'नबी'. निर्गमाच्या ग्रंथातील एका प्रसंगावरून त्याचा अर्थ उत्तम उलगडतो. मोशे बोलण्यात जड. फारोपुढे त्याच्या वतीने अहरोनाने बोलावे असे ठरते आणि देव अहरोनाला मोशेचा नबी म्हणतो. नबी म्हणजे दुसऱ्याचे मुख. तो भविष्याविषयी बोलतो तेही बहुधा इशारा म्हणून. चाळीस दिवसांत निनवे उद्ध्वस्त होईल असे योनाने पुकारले. लोकांनी पश्चात्ताप केला आणि नगर वाचले. ज्योतिषाच्या मापाने योना खोटा ठरला, पण संदेष्टा म्हणून त्याच्या हातून कार्य सिद्धीस गेले.

'नबी' हा शब्द महाराष्ट्राला परका नाही. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून कोकणात ज्यांना 'शनवार तेली' हे नाव पडले, ते बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या एलियाहू हनबीचे, म्हणजे एलीया संदेष्ट्याचे, स्मरण करीत आले आहेत. अलिबाग तालुक्यातील खंडाळे येथून तो स्वर्गात गेला व त्याच्या रथाच्या खुणा तेथील खडकावर उमटल्या, अशी त्यांची श्रद्धा आहे. लग्नकार्य असो की आजारातून उठणे असो, गोड पोहे, खोबरे आणि फळे यांचा 'मलिदा' मांडून त्याच्या नावाने देवाचे आभार मानले जातात. आमच्या पुण्यात रास्ता पेठेत १९२१ साली उभारलेले त्यांचे सुक्कथ शेलोमो सिनेगॉग आहे.

ज्याला घरच्या मंगलकार्यात असे प्रेमाने आठवावे, तो एलीया राजवाड्यात मात्र नकोसा पाहुणा होता. अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. वाडवडिलांची जमीन नाबोथ देईना. तेव्हा ईजबेल राणीने खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडमार करविला आणि राजा मळ्याचा ताबा घ्यायला निघाला. एलीया त्याला त्याच मळ्यात आडवा आला आणि खून करून वर मालकही झालास काय, असा जाब त्याने विचारला. अहाबाच्या पदरी संदेष्ट्यांची वाण नव्हती. पुढे युद्धाचा कौल घेताना ४०० जणांनी एका सुरात विजयाची ग्वाही दिली. मीखाया तेवढा वेगळे बोलला आणि त्याची रवानगी बंदिखान्यात झाली.

संदेष्ट्यांना राजांप्रमाणेच धर्मस्थानानेही दूर लोटले. इ. स. पूर्व आठव्या शतकात, दुसऱ्या यराबामाच्या भरभराटीच्या काळात, तकोवाचा मेंढपाळ आमोस बेथेलच्या मंदिरात उभा राहून बोलू लागला. खोटी मापे, खोटे तराजू, जोड्याच्या मोलाने विकला जाणारा गरीब, हा त्याचा विषय. तेथील याजक अमस्या याने राजाकडे चुगली केली आणि आमोसाला बजावले, की तुझ्या यहूदात जा, तिकडे पोट भर. हे राजाचे मंदिर आहे. अमस्या नास्तिक नव्हता. उपासना बिनबोभाट चालावी एवढीच त्याची इच्छा असेल.

पुण्याने असा आवाज ऐकला आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावला संपूर्ण बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणले. त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. १९२२ साली त्यांचे निधन झाले आणि १९२४ साली ते भाषांतर प्रसिद्ध झाले. पण संदेष्ट्यांचे मर्म त्यांना त्याआधीच उमगले होते, असे आम्हांला वाटते. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याच्या प्लेग रुग्णालयात स्त्रियांची होणारी हेळसांड त्यांनी वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहून उघड केली. राज्यकर्ते स्वधर्मीय, तरी त्यांची भीड त्यांनी बाळगली नाही. सरकारने आरोप नाकारला.

हे सारे लिहिताना आमचे मन आम्हांला खाते. एका रविवारी पहिले वाचन आमोसाचे होते. त्याच आठवड्यात चर्चपासून हाकेच्या अंतरावरील नाल्याकाठच्या झोपड्या पाडण्याची नोटीस लागली होती. तेथील काही बाया आमच्याच मिस्साला मागच्या बाकांवर बसत. पुढच्या बाकावर, चर्चच्या दुरुस्तीला उदार हस्ते देणगी देणारे आणि त्या जागेत हितसंबंध असणारे एक सज्जन होते. आम्ही त्या दिवशी प्रार्थनेतील चिकाटीवर प्रवचन केले. प्रवचन चांगले झाले, असे पुष्कळांनी सांगितले. मागच्या बाकांवरच्या बाया काही न बोलता निघून गेल्या. सेमिनरीत आम्ही आमोसाचा अभ्यास केला होता. त्या दिवशी वेदीवर उभा होता तो अमस्या.

बाप्तिस्म्याच्या वेळी क्रिझमचा अभिषेक करताना ख्रिस्त याजक, संदेष्टा व राजा आहे आणि हे बालक त्याचे अंग आहे, असे आम्ही म्हणतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही देवाची सारी प्रजा ख्रिस्ताच्या संदेष्टेपणात सहभागी असल्याचे शिकविले. तेव्हा मागच्या बाकांवरच्या त्या बायाही संदेष्ट्याच आहेत, आणि त्यांचे मौन हाही आमच्यासाठी एक संदेश होता.

रविवारच्या वाचनांचे चक्र तीन वर्षांचे असते. आमोसाचे ते वाचन पुन्हा येईल आणि त्या वेळी आम्हांला धैर्य व्हावे, अशी वाचकांनी प्रार्थना करावी. नाल्याकाठच्या त्या झोपड्या मात्र आता तेथे नाहीत.