मोठ्या सॉफ्टवेअरचा हट्ट मी सोडला

व्हिडिओ एडिटिंग शिकायचं तर थेट मोठ्या सॉफ्टवेअरवर, हे माझं मत इतकं पक्कं होतं की शिरोळमध्ये कुणी मोबाइलवरच्या अ‍ॅपचं नाव काढलं तरी मी तोंड वाकडं करायचो. पोहायला शिकायचं ते कृष्णेत, हौदात नव्हे, असं नव्या पोरांना ऐकवायचो. आमच्याकडं लग्नाच्या शूटिंगची जोडाजोड करायला ‘मिक्सिंग’ म्हणतात; माझी सगळी उमेदवारी त्या मिक्सिंगमध्ये, एडियस या संगणकावरच्या सॉफ्टवेअरवर गेली. शिवाय इथल्या चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी कॅमेरासुद्धा स्वतः घडवला, हे ऐकत वाढलेल्या कोल्हापूरकराला अवघड यंत्राचं अप्रूप जरा जास्तच. दा विंची रिझॉल्व्हचा तर मी फुकटातला प्रचारक झालो होतो. मोफत आवृत्ती, वॉटरमार्क नाही, मोठमोठ्या चित्रपटांचे रंग यावरच सुधारतात. नवशिक्याला आणखी काय पाहिजे?

माझं मत हललं ते एका शेतकरी काकांमुळं. शिरोळ तालुक्यात उसाला वर्षानुवर्षं पाणी जास्त झालं, निचरा झाला नाही आणि हजारो एकर काळी जमीन क्षारपड झाली. जमिनीखाली सच्छिद्र पाइप पुरून खारं पाणी बाहेर काढायचं मोठं काम इथं दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं झालं. काकांनी आपल्या रानातलं असंच काम मोबाइलवर टिपलं होतं: खणलेली चर, उतार धरून टाकलेला पाइप, त्याच्या तोंडातून पडणारं पाणी, आणि पुढं त्याच रानात उभा राहिलेला ऊस. पाहुण्यांना दाखवायला त्यांना ते नीट जोडून हवं होतं.

मी त्यांना रिझॉल्व्हसमोर बसवलं. त्याला 16 जीबी रॅम लागते, समोरच्या संगणकात त्याच्या निम्मी. मोबाइल एका सेकंदातल्या चौकटी कमी-जास्त करत शूट करतो, त्यामुळं संगणकावर असं शूटिंग घेतलं की कधी कधी ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. मी कोडेक, फ्रेम रेट, टाइमलाइन समजावत होतो. काका थोडा वेळ ऐकून म्हणाले, “अण्णा, मला शिनेमा काढायचा न्हाई. चर आधी, पाणी मागनं, एवढं दिसलं पायजे.”

एडिटिंगची याहून चोख व्याख्या मला आजवर करता आलेली नाही. आम्ही फोन हातात घेतला. यूट्यूब क्रिएट हे गूगलचं मोफत अ‍ॅप 2023 साली भारतात आलं. त्यात शेंडा-बुडखा छाटायचा, तुकडे मागं-पुढं करायचे, वर आपला आवाज भरायचा. काकांना ते लगेच जमलं. शूटिंग फोनमध्ये, कापणं फोनमध्ये, पाठवणंही तिथूनच.

म्हणून जे सगळ्यात सोपं तेच घ्या, असं मात्र मी म्हणणार नाही. फोटो-व्हिडिओ टाकले की गाण्याच्या ठेक्यावर आपोआप कापून देणारी टेम्प्लेटं मला अजूनही सोसत नाहीत. नरसोबाच्या वाडीला दक्षिणद्वार होतं तेव्हा कृष्णेचं पाणी उत्तरेकडून दत्त मंदिरात शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिण दारानं बाहेर पडतं. टेम्प्लेट त्या शूटिंगचे दोन-दोन सेकंदांचे तुकडे पाडतं. पाणी आलं कुठून, गेलं कुठं, पत्ताच लागत नाही. कुठं कापायचं हे ज्यानं स्वतः ठरवलं नाही तो शिकला काय?

अ‍ॅपवर जीव लावण्यातही अर्थ नाही. कितीतरी जणांनी ज्यावर श्रीगणेशा केला तो मूव्ही मेकर मायक्रोसॉफ्टनं जानेवारी 2017 मध्ये बंद केला. 29 जून 2020 ला सरकारनं 59 अ‍ॅपवर बंदी घातली, त्यांत टिकटॉकबरोबर एडिटिंगचं विवाव्हिडिओही होतं. म्हणून मूळ शूटिंग वेगळं जपून ठेवा, असं मी आता पहिल्याच दिवशी सांगतो.

दुसरं सांगतो ते अक्षरांचं. अ‍ॅप घेतलं की आधी त्यात ‘शिरोळ’ आणि ‘नृसिंहवाडी’ लिहून बघायचं. वेलांटी भलत्याच अक्षरावर बसली किंवा जोडाक्षर फुटलं, तर पुढं बघूच नये. अडोबीच्या प्रीमियरसारख्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्येसुद्धा देवनागरी नीट उमटायला दक्षिण आशियाई लिपींची वेगळी सेटिंग निवडावी लागते. मग छोट्या अ‍ॅपला नावं ठेवायचा मला काय अधिकार? वॉटरमार्क मागाहून बघायचा. तो काइनमास्टर अ‍ॅपच्या मोफत आवृत्तीत येतोच.

दोन कॅमेऱ्यांवर घेतलेलं तासाभराचं कीर्तन असेल तर फोनवर कुणी मरू नये. त्याला संगणकावरचं शॉटकट बरं, तेही मोफत आहे. रिझॉल्व्हचं नाव मी आता विचारल्याशिवाय काढत नाही. लग्नाची मिक्सिंग अजून एडियसवरच करतो, तिथं कुणी मला अ‍ॅप सांगायला येऊ नये.