नादाचे अलंकार

सिंथेसायझरच्या नादास प्रतिध्वनी, कंप, घुमारा असे अलंकार एकाच अ‍ॅनालॉग यंत्रातून चढविता येतात. त्याविषयी विद्यार्थी आमचे मत विचारतात. यातील प्रतिध्वनीची एक युक्ती फिलिप्स कंपनीच्या संशोधकांनी १९६९ साली काढिली. विद्युत्भार एका धारित्रातून दुसऱ्यात, विहिरीवरील बादलीप्रमाणे हातोहात जातो. वाटेत किंचित सांडतो, म्हणून परतणारा सूर मऊ होतो. ही मृदुता आम्हांस प्रिय आहे. परंतु बेसूर स्वर प्रतिध्वनीने सुरेल होत नाही. तो दोनदा बेसूर ऐकू येतो. हिवरे बाजारात आधी पाण्याचा हिशेब मांडतात, मग पिके ठरवितात. तद्वत् पालकांनी यंत्र घेण्याची घाई करू नये, आणि विद्यार्थ्यांनी आधी सूर साधावा, मग अलंकार चढवावे.